कासचे पठार आणि पाहुण्यांची पावले

भाद्रपदातील पाऊस ओसरू लागला व उन्हाची तिरीप अधूनमधून पडू लागली, म्हणजे सातारा शहरातून यवतेश्वराचा घाट चढून पश्चिमेस जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची रीघ लागते. हा रस्ता पुढे बामणोलीस, कोयनेच्या जलाशयाकाठी उतरतो. परंतु बहुतेक पाहुणे तेथवर जात नाहीत. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. तेथे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत फुलांचे जे गालिचे पसरतात, ते पाहण्यासाठी ही गर्दी असते. पठार लहान आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १० चौरस किलोमीटर भरते; पण तेवढ्या जागेत सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती नोंदविल्या गेल्या आहेत. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला, त्यांत महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत. कोयना, चांदोली व राधानगरी यांच्या जोडीने कासचे नाव त्यांत आले आणि तेव्हापासून या पठाराकडे जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

आता पर्यटकांच्या गर्दीचा आणि शेतीच्या पत्रिकेचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. एक तर हे पठार म्हणजे भोवतालच्या गावांचे चराऊ रान, पाण्याचे पाणलोट क्षेत्र आणि आता उत्पन्नाचेही साधन आहे. दुसरे असे की, पठारावर जे बिघडते ते जमिनीचे बिघडते. आणि जमीन कशाने बिघडते हे जेवढे शेतकऱ्यास कळते तेवढे शहरातून आलेल्या पाहुण्यास कळत नाही. तेव्हा पाहुण्यास चार गोष्टी समजावून सांगण्याचे काम पठाराजवळच्या शेतकऱ्याने व ग्रामकार्यकर्त्यानेच करावयाचे आहे.

शेतात पाय केव्हा घालावा व केव्हा घालू नये, हे शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. जमीन ओलीचिंब असताना कुळव किंवा नांगर घातला तर ढेकळे निघतात, माती दाबली जाते, तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात आणि पुढे पाणी मुरत नाही. म्हणून आपण वाफशाची वाट पाहतो. कासच्या पठारावर मात्र नेमके उलट घडते. पाहुणा येतो तो जमिनीस वाफसा नसलेल्या दिवसांत. कारण फुले त्याच दिवसांत असतात. जमिनीत ओल आहे म्हणूनच ती असतात. हंगाम पुढे ढकलणे कोणाच्याच हाती नाही, आणि या पठाराची खरी अडचण येथेच आहे.

पठाराची माती कशी आहे हेही पाहिले पाहिजे. खाली जांभ्या खडकाचा सपाट थर, ज्यास आपल्याकडे सडा म्हणतात; त्यावर कोठे बोटभर, कोठे वीतभर मातीचा पातळ पापुद्रा. खोलगट जागी थोडी अधिक माती साठते, पावसाचे पाणी साचून डबकी होतात, आणि त्या डबक्यांच्या काठाने गेंदाची पांढरी बोंडे डोलतात. शेतातील दाबली गेलेली माती उन्हाळी नांगरटीने मोकळी करता येते. सड्यावरील वीतभर मातीस नांगर लावता येत नाही. ती एकदा दाबली की वर्षानुवर्षे तशीच राहते. पाऊलवाटेवर प्रथम रोपे नाहीशी होतात, मग मुळांनी धरून ठेवलेली माती सुटते, पुढच्या जोराच्या पावसात ती वाहून जाते आणि खालचा कातळ उघडा पडतो. असा कातळ पुन्हा मातीने झाकला जाण्यास किती काळ लागेल, याचा हिशेब माणसाच्या आयुष्यात बसणारा नाही.

पावलाचा भार थोडा वाटतो, म्हणून एक साधा हिशेब मांडून पाहावा. साठ किलो वजनाचा माणूस एका पायावर उभा राहिला व त्याच्या तळव्याचे क्षेत्र दीडशे चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर चारशे ग्रॅम भार येतो. चालताना टाच टेकते तेव्हा तो याहून अधिक असतो. एका किलोमीटरच्या चालीत साधारण दीड हजार पावले पडतात. अलीकडच्या हंगामांत पठारावर दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा ठरविण्यात आली आहे. ती काटेकोर पाळली गेली व प्रत्येक जण फक्त एकच किलोमीटर चालला, तरी एका दिवसात पंचेचाळीस लाख पावले पडतात. ती आखलेल्या वाटेवर पडली तर एक वाट खराब होते. प्रत्येकाने छायाचित्रासाठी दहा पावले आत टाकली, तर तीस हजार पावले अशा जागी पडतात की जेथे एकही पडावयास नको होते.

गुरे राखणाऱ्यास ही गोष्ट दुसऱ्या रीतीने सांगता येईल. प्रत्येक कुरणास गुरे पोसण्याची एक शक्ती असते. तिच्यापेक्षा अधिक गुरे सोडली की प्रथम पवना, मारवेल यांसारखी चांगली गवते खुंटतात, मग कुसळी माजते, आणि शेवटी उघडी जमीन उरते. कुरणाची शक्ती गुरांच्या संख्येइतकीच ती केव्हा सोडली यावरही अवलंबून असते. पावसाच्या आरंभी, कोवळे गवत वर येताच गुरे सोडणारा गाव पुढे चाऱ्यास मुकतो. पठाराची माणसे पेलण्याची शक्ती हीदेखील याच जातीची आहे. तीन हजार हा आकडा म्हणजे काही शास्त्राने कोरून ठेवलेली रेघ नव्हे. ती एक व्यवहारी मर्यादा आहे, आणि पाऊस अधिक झालेल्या आठवड्यात ती खाली आणावयास हवी, असे म्हणण्यास जागा आहे.

फुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पठारावरील बरीच रोपे एकाच पावसाळ्यापुरती जगतात. तेरडा, सोनकी, सीतेची आसवे ही चार महिन्यांत उगवतात, फुलतात, बी टाकतात व वाळून जातात. पुढल्या वर्षीचे सारे पीक यंदाच्या बियांवर. फूल तोडले किंवा तुडविले तर त्या दिवसाची शोभा जाते, हे तर खरेच. परंतु त्याहून मोठे नुकसान बियाण्याचे होते. बियाणे धरण्यापूर्वीच प्लॉट तुडविला गेला, तर बीजोत्पादन करणाऱ्या शेतकऱ्याचे काय होईल, याची कल्पना वाचकांस सहज करता येईल. टोपली कारवीची तऱ्हा निराळी. हे झुडूप साधारण सात वर्षे वाढते, एकदाच फुलते, बी देते आणि मरते. सहाव्या वर्षी मोडलेल्या कारवीपासून काहीच मिळत नाही. तिची मागील सारी वर्षे वाया जातात.

सीतेची आसवे हे नाव काव्यमय असले तरी ती वनस्पती कीटकभक्षी आहे. मातीत व पाण्यात पसरलेल्या तिच्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव अडकतात व त्यांपासून ती नत्र मिळविते. दवबिंदू ही दुसरी वनस्पती चिकट केसांनी किडे धरते. त्यांना असे का करावे लागते? सड्यावरील मातीत नत्र फारच थोडे आहे म्हणून. या दारिद्र्यावरच या वनस्पती टिकून आहेत. जेथे नत्र मुबलक होते तेथे उंच, जोमदार गवते व तणे येऊन त्यांना झाकून टाकतात. पाहुण्याने टाकलेले उरलेसुरले अन्न, शिळी पोळी, फळांच्या साली व उघड्यावर केलेले मलमूत्र यांतून पठाराला नत्राचा जो हप्ता मिळतो, तो त्याला मानवत नाही. भातास नत्र अधिक झाले तर पीक लोळते. येथे तर सारे पीकच बदलते. म्हणून “हा कचरा कुजणारा आहे, टाकला तर खतच होईल” हा पाहुण्यांचा युक्तिवाद शेतात ठीक असला तरी पठारावर चुकीचा आहे.

तणांचे बी मोटारीच्या चाकांस व बुटांच्या तळव्यांस लागलेल्या चिखलातून येते, ही गोष्टही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. गाजरगवत महाराष्ट्रात १९५०च्या दशकात पुण्याच्या बाजूस प्रथम नजरेस आले. आज त्याच्यापासून मुक्त असा बांध शोधावा लागतो. रानमोडीने घाटांतील मोकळ्या जागा कशा व्यापल्या, हे डोंगरी भागातील शेतकऱ्यांनी पाहिलेच आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांची पाहणी करून, फुलावर येण्यापूर्वी ही तणे मुळासकट उपटणे हे श्रमदानाचे चांगले काम आहे, व ते जुलैच्या उघडिपीत व्हावयास हवे. ऑक्टोबरात उपटली तर बी अगोदरच पडलेले असते.

गुरे की माणसे?

पठार राखण्यासाठी वनविभागाने सड्याच्या काही भागास जाळीचे कुंपण घातले आणि चराईस प्रतिबंध झाला. गुरांना मज्जाव आणि तिकीट काढलेल्या माणसांना मोकळीक, हा न्याय कोणता, असा प्रश्न पशुपालकास पडणे स्वाभाविक होते. कुंपण हवे की नको यावर पुढे बराच वाद झाला. या वादात पशुपालकाची बाजू केवळ भावनेची नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या या सड्यावर गुरे चरत आली आहेत. चराईने उंच गवत आटोक्यात राहते व बुटक्या फुलझाडांना ऊन मिळते, चराई अगदी बंद केली तर गवत माजून फुले कमी होतात, असे मत काही अभ्यासकांनीही मांडले आहे. उलट, बेसुमार चराईने व तुडवणुकीने रोपे नष्ट होतात हेही खोटे नाही. मधला मार्ग कुरणाच्या शास्त्रात जुनाच आहे. पठाराचे भाग पाडावेत, फुलोऱ्याच्या काळात गुरे खाली ठेवावीत, बी पडल्यानंतर पाळीपाळीने मोजकी गुरे सोडावीत आणि दरवर्षी एखादा भाग पूर्ण विसाव्यास ठेवावा. हे ठरविणे अर्थात वनविभागाचे व गावच्या समितीचे काम आहे. परंतु कोणत्या भागात कोणते गवत वाढले व कोणते फूल मागे हटले, याची नोंद गुराख्याइतकी अचूक दुसरा कोणी देऊ शकणार नाही. अशी नोंद समितीने दरवर्षी लिहून ठेवावी.

समितीचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे. कास, एकीव, आटाळी, कुसुंबी इत्यादी गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांच्या सहभागाने पठारावरील व्यवस्था चालते. प्रवेशशुल्क घेणे, वाहने लावून घेणे, वाट दाखविणे, कचरा वेचणे ही कामे गावातील तरुण मंडळी हंगामात करतात. येण्याचा दिवस आधी संगणकावर नोंदविण्याची सोयही झाली आहे. या नोंदणीचा फायदा पुष्कळांस नीटसा उमगलेला नाही. तो गर्दीची विभागणी होण्यात आहे. शनिवार-रविवारी पठारावर उभे राहण्यास जागा नाही आणि मंगळवारी वाटाड्या रिकामा बसला आहे, ही स्थिती पठारासही बरी नव्हे व गावच्या रोजगारासही नव्हे. म्हणून सातारा, पुणे, मुंबई येथील नातेवाइकांनी “कधी यावे?” असे विचारले, तर आठवड्याच्या मधल्या वाराचे नाव सांगावे. हा प्रचार खर्चाचा नाही.

तीन हजार माणसे चार-चार जणांच्या मोटारींतून आली तर साडेसातशे मोटारी होतात. एका मोटारीस उभी राहण्यास व वळण्यास मिळून पंचवीस चौरस मीटर जागा धरली, तरी साडेचार एकरांहून अधिक जमीन केवळ मोटारी उभ्या करण्यात जाते. तीच माणसे एस.टी.सारख्या गाडीतून, एका गाडीत चव्वेचाळीस या प्रमाणात आली, तर सत्तरच्या आत गाड्या पुरतात; आणि त्या माणसे उतरवून परत जाऊ शकतात. धूर किती कमी होईल हे सांगावयास नको. परंतु गावकऱ्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट जमिनीची आहे. ही साडेचार एकर जमीन कोणाच्या तरी शेताची असते.

वाहनतळास जमीन देणाऱ्यांनी काय पाहावे

हंगामापुरती जमीन वाहनतळास दिली तर दोन पैसे मिळतात, हे नाकारता येत नाही. परंतु भाताच्या खाचरावर मोटारी उभ्या करू देऊ नयेत. चिखलणीने तयार झालेल्या जमिनीत चाकांच्या चाकोऱ्या खोल जातात, बांध फुटतात, आणि पुढील वर्षी पाणी समपातळीत राहत नाही. वरकस, मुरमाड, थोड्या उताराची जागा त्यासाठी निवडावी. वरच्या अंगास पाणी वळविणारा चर काढावा, खालच्या अंगास माती अडविणारा दगडी बांध घालावा व चाके जातील तेवढ्या पट्ट्यांत मुरूम पसरावा. गाड्यांतील तेल गळून जेथे माती काळी पडेल ती माती खरवडून निराळी ठेवावी. ती खताच्या खड्ड्यात टाकू नये. हंगाम संपल्यावर, जमिनीस वाफसा येताच, उताराला आडवी नांगरट करून शेणखत द्यावे. जे शेतकरी ही जमीन दोन-तीन वर्षे सलग दाबू देतात व मग नाचणीचे पीक का येत नाही म्हणून विचारतात, त्यांना उत्तर देणे कठीण असते.

कायमची जमीन विकून टाकण्याविषयी तर फारच विचार करावा. रस्त्याकडेची जमीन चांगल्या भावाने जाते. पुढे तेथे डोंगर पोखरून इमारत उभी राहते, उताराची माती सैल होते, झऱ्याच्या वाटा बदलतात. आणि विकणाऱ्याचा मुलगा त्याच जागी पहारेकरी म्हणून कामास लागतो. शेती राखून घरातच पाहुणे उतरविण्याचा मार्ग याहून बरा दिसतो. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले आहे व त्याखाली शेतकऱ्यास आपले केंद्र नोंदविता येते. पाहुण्यास नाचणीची भाकरी, घरचा तांदूळ, रानभाजी द्यावी. भाताची कापणी, हिवाळ्यातील स्ट्रॉबेरीचे वाफे दाखवावेत. असा पाहुणा फुलांच्या पाच-सहा आठवड्यांवाचून इतर दिवसांतही येतो, व तेवढा पठारावरील भार हलका होतो.

मात्र घरी पाहुणे उतरविणाऱ्याने पाण्याची व मैल्याची व्यवस्था आधी केली पाहिजे. पठाराजवळचा कास तलाव एकोणिसाव्या शतकात बांधलेला असून त्याचे पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने, साताऱ्यास पिण्यासाठी जाते. वाड्यावस्त्यांचे झरे तर पठारातून झिरपणाऱ्या पाण्यावरच चालतात. जांभा खडक भेगाळ व सच्छिद्र असतो. संडासाचा खड्डा अशा खडकात झऱ्याच्या वरच्या अंगास खोदला, तर घाण न गाळता थेट पाण्यात उतरण्याचा धोका असतो. म्हणून दोन खड्ड्यांचा संडास झऱ्यापासून किंवा विहिरीपासून खालच्या अंगास असावा. अंतर किमान १५ मीटर, आणि भेगा दिसत असतील तर त्याहून पुष्कळ अधिक ठेवावे. एक खड्डा भरल्यावर तो बंद करून दुसरा वापरावा. बंद खड्ड्यातील मैल्याचे वर्ष-दीड वर्षात दुर्गंधीरहित खत होते. खड्डे लहान पडतील इतके पाहुणे एका घराने घेऊ नयेत.

कचऱ्याविषयी थोडक्यात. राज्यात २०१८ पासून थर्मोकोलच्या ताटवाट्या व एकदा वापरून टाकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंस बंदी आहे; तरीही त्या पाहुण्यांच्या पिशव्यांतून येतात. बंदीची पाटी लावण्यापेक्षा पर्याय हातात ठेवणे अधिक उपयोगी पडते. पळसाच्या पानांच्या पत्रावळी व द्रोण गावातील महिला बचतगटांनी उन्हाळ्यातच करून ठेवावेत. वापरलेल्या पत्रावळी व उष्टे अन्न पठारावरून खाली, गावात आणून त्यांचे खत करावे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेली नाडेप टाकी, म्हणजे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे जाळीदार विटकाम, या कामी चांगली. परंतु नाडेपची पद्धत कमी पावसाच्या मुलखातली आहे. जावळीच्या पावसात उघडी टाकी नुसती भिजते व आतील माल कुजण्याऐवजी सडतो. तिच्यावर गवताचे उतरते छप्पर घालावे. थंड हवेमुळे खत तयार होण्यास नेहमीच्या तीन-चार महिन्यांहून अधिक काळ लागेल, तेवढी वाट पाहावी.

ऑक्टोबरात गर्दी सरते व समितीची मंडळी तंबू आवरतात. त्यानंतरच्या एखाद्या कोरड्या दिवशी ग्रामकार्यकर्त्यांनी, समितीच्या लोकांनी व जाणत्या गुराख्यांनी वनरक्षकासह सारी वाट एकदा चालून जावी. जेथे मुख्य वाटेस नवा फाटा फुटला असेल तेथे वनविभागाच्या संमतीने आडवे दगड मांडून तो बंद करावा, व पाऊलवाटेवर पाणी वाहून घळ पडली असेल तर दगडांचे लहान बांध घालावेत. बाहेरची माती किंवा शेणखत मात्र आणून टाकू नये. त्यातून तणांचे बी येते व नत्रही. बंद केलेले फाटे नकाशावर मांडून ठेवावेत. पुढल्या भाद्रपदात पाहुणे पुन्हा कोठून आत शिरतात, ते त्यावरून कळेल आणि वाटाड्यांना कोठे उभे करावयाचे तेही ठरविता येईल.